वानखडे मॅडम आणि परातीतलं पाणी

निकाल चांगला आला की वानखडे मॅडमचा चेहरा पडायचा. बाकीचे वरिष्ठ वाईट निकालावर चिडतात, तेव्हा काय करायचं ते आपल्याला ठाऊक असतं. मान खाली घालायची आणि चहा येईपर्यंत वेळ काढायचा. मॅडमचं सगळंच उलटं. दिवसभर काही जमलं नाही तर त्या गुणगुणत जेवणाचा डबा उघडायच्या. सगळं जमून आलं, की मात्र डबा तसाच राहायचा. चष्मा काढून पुसत बसायच्या आणि थोड्या वेळानं म्हणायच्या, “इतकं चांगलं काहून आलं वं? पाहजो जरा, कुठं तरी चुकलं असन.”

मॅडम अकोल्याच्या. तिथल्या एका कॉलेजात कायमच्या नोकरीत होत्या, इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. नवराही प्राध्यापक. चाळिशी उलटल्यावर माणसं घराला रंग काढतात. मॅडमनी दोन वर्षांची बिनपगारी रजा काढली आणि मुळशी तालुक्यात, भरे गावाच्या कडेला, गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या मागच्या खोलीत पाण्याची परात मांडून बसल्या. कारखान्याचे मालक धुमाळ साहेब. त्यांचा पुतण्या अकोल्यात मॅडमचा विद्यार्थी, त्यानं गाठ घालून दिलेली. तयार मालात अधूनमधून एखादा खराब गिअरबॉक्स निघून जायचा आणि गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागायची. फिरत्या गिअरबॉक्सच्या नुसत्या आवाजावरून तो चांगला की खराब हे सांगणारं यंत्र करून देईन, असा शब्द मॅडमनी धुमाळ साहेबांना दिला होता. रजेच्या दोन वर्षांत जमलं नाही, तर अकोल्याला परत जायचं आणि निवृत्तीपर्यंत तोच अभ्यासक्रम त्याच फळ्यावर लिहायचा. हे सगळं मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

तो पहिला दिवस २००५ सालातला. मी परभणीची, आयटी पार्काजवळच्या माण गावात एका जमीनवाल्यांच्या चाळीत खोली घेऊन राहत होते. खोलीतल्या बाकीच्या मैत्रिणी थंडगार बसमध्ये बसून आयटी पार्कात जायच्या. मी त्यांच्यासारखीच शिकलेली, पण मला कुणी विचारत नव्हतं. तेवढ्यात एका ओळखीच्यानं सांगितलं, की भरे गावाकडे एका बाईंना प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी हवी आहे, अट एकच, ओलं व्हायची तयारी पाहिजे. मला वाटलं थट्टा असेल.

थट्टा नव्हती. खोलीत टेबलावर काचेची एक उथळ चौकोनी टाकी होती. खालून बल्ब, वरून कॅमेरा, आत बोटभर पाणी. सगळे तिला परातच म्हणायचे. मॅडमच्या खांद्यावर नॅपकिन आणि चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे. माझी गुणपत्रिका त्यांनी बघितलीसुद्धा नाही. परातीत एक खडा टाकला, थोडं थांबून दुसरा टाकला आणि विचारलं, “सांग, पाण्यात काय दिसते?”

“लाटा.”

“कोणत्या खड्याच्या?”

मी वाकून बघितलं. दुसऱ्या खड्याच्या लाटा ठळक होत्या; पण पहिल्याच्याही काठावर आपटून परत येत होत्या आणि त्यांत मिसळत होत्या. “दोन्हींच्या,” मी म्हटलं.

“हाव!” मॅडम एकदम खुलल्या. बोलायला लागताना त्या पुस्तकी बोलायच्या, पण रंगात आल्या की वऱ्हाडी सुरू, आणि तिकडच्या बायकांसारखं ‘मी जातो, मी येतो’ही. “म्हंजे पहिला खडा पाण्याले अजून आठवते. आता तिसरा टाकला तर पहिला विसरन. थोडं आठवते, थोडं विसरते, न् सगळं एकमेकात मिसळते. असं यंत्र देवानं फुकट देऊन ठेवलं, तर मी कायले बनवत बसू? ये उद्यापासून.”

मी दुसऱ्या दिवशी गेले ती पाच वर्षं जातच राहिले.

काम काय होतं ते सांगते. न्यूरल नेटवर्क म्हणजे कॉम्प्युटरमधल्या हजारो छोट्या जोडण्यांचं जाळं. त्याला उदाहरणं दाखवत राहायची आणि उत्तर चुकलं की एकेक जोडणी थोडी सैल, थोडी घट्ट करत न्यायची. यालाच नेटवर्क शिकवणं म्हणतात. आमच्याकडचा तेव्हाचा कॉम्प्युटर एवढ्या कामानं धापा टाकायचा. मॅडमचं म्हणणं असं, की मधला सगळा गुंता पाण्यालाच करू द्या. गिअरबॉक्स फिरवायचा, त्याचा आवाज कॉम्प्युटरनं संथ करून दोन जुन्या स्पीकरना द्यायचा. स्पीकरना चिकटवलेल्या पट्ट्या पाणी हलवतील. लाटांचं चित्र कॅमेरा टिपेल. त्या चित्रावरून ‘चांगला’ किंवा ‘खराब’ एवढंच सांगणारा शेवटचा एक लहानसा थर आपण शिकवायचा. परदेशात कुणीतरी बादलीभर पाण्यावर असलं काही करून पाहिल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. गावात ‘पाण्याला शिकवणारी बाई’ अशी बातमी पसरली, तेव्हा त्या वैतागल्या. “पाण्याले कोणी शिकवत नसते वं. पाणी आपलं हलते. वाचणाऱ्याले शिकवाचं असते!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की ‘तू नेमकं करतेस तरी काय’ असं आईनं फोनवर विचारल्यावर मी तेच सांगितलं. आईनं फोन बाबांच्या हातात दिला.

आमची चेष्टा करायला लोकांना निमित्त लागायचं नाही. मॅडमचे यजमान दिवाळीला यायचे, त्यांना आम्ही सर म्हणायचो. खोलीत शिरले की परातीकडे बघून गंभीरपणे विचारायचे, “अजून पीठ नाही मळलं?” मॅडम म्हणायच्या, “तुम्ही भुकेले राहा.” पण सर संध्याकाळी आपणहून परातीतलं पाणी बदलायचे, काच पुसून द्यायचे. त्यांच्या एकट्यानं अकोल्यात राहण्याबद्दल त्या दोघांना मी कधी तक्रार करताना ऐकलं नाही.

खोलीच्या मागच्या बाजूला एक धनगर कुटुंब राहायचं. त्यातल्या सखूबाईंच्या शेळ्यांचं दूध आमच्या चहाला यायचं. त्या पहिल्यांदा आत आल्या तेव्हा बराच वेळ परातीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, येवडं चांगलं पानी, आन् कुनाला पाजीत बी न्हाई?”

“पाजीन ना,” मॅडम म्हणाल्या, “आधी बोलू तर द्या त्याले.”

पाणी बोलायला दीड वर्ष गेलं. कधी बल्बच्या उष्णतेनं पाणी आटायचं, कधी धूळ तरंगायची, आणि काल शिकलेला थर आज काहीच्या बाही उत्तरं द्यायचा. रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घ्यायचं. शिकवायला गिअरबॉक्स कारखान्यातूनच यायचे. तिथं धुमाळ साहेबांचा एक कडक नियम होता. सकाळची भवानी होईपर्यंत, म्हणजे दिवसाचा पहिला माल गिऱ्हाइकाकडे रवाना होईपर्यंत, खराब माल कुठल्याही दारातून न्यायचा नाही. त्यामुळे सकाळी आमच्याकडे चांगले गिअरबॉक्स यायचे आणि दुपारी नापास झालेले. आम्हालाही ते सोयीचं होतं. सकाळी भारनियमन असायचं, पण आमचा कॉम्प्युटर आणि गिअरबॉक्स फिरवणारी छोटी मोटर इन्व्हर्टरवर चालायची. दुपारी वीज आली, की शेजारच्या कारखान्यातला पत्रे ठोकणारा अवजड प्रेस धाड धाड सुरू व्हायचा आणि आम्ही एकमेकींशी ओरडून बोलायचो.

मग २००६ च्या शेवटाला निकाल यायला लागला. आणि कसा? एकही चूक नाही. सकाळचे चांगले ते चांगले, दुपारचे खराब ते खराब. मी तर अंगणात जाऊन नाचले. मॅडम आत चष्मा पुसत होत्या.

“बल्ब बदल,” त्या म्हणाल्या. बदलला. “कॅमेरा हलवून लाव.” लावला. पाणी बदललं, पट्ट्या बदलल्या. निकाल तोच. धुमाळ साहेब बघायला आले आणि परातीला हात जोडून उभे राहिले. मग त्यांनी आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला, पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या कर्णिक साहेबांना बोलावणं धाडलं. कर्णिक साहेब येणार, यंत्र बघणार आणि पसंत पडलं तर वर्षभराचा माल आमच्याकडूनच उचलणार. दिवस ठरला. “मॅडम, आता हसा की जरा,” धुमाळ साहेब म्हणाले. “आवंदा आपली कॉलर टाइट हाय.”

“हसतो, साहेब,” मॅडम म्हणाल्या आणि हसल्या नाहीत.

भेटीच्या दोन दिवस आधीची दुपार. आम्ही जेवणाच्या सुट्टीवरून आलो, मॅडमचा डबा बांधलेलाच, आणि नापास गिअरबॉक्स एकेक करून लावायला सुरुवात केली. प्रेस ठोकत होता, पडद्यावर लाटा दिसत होत्या आणि खाली उत्तर येत होतं: खराब, खराब, खराब. सगळं बिनचूक. चार वाजायच्या सुमारास दारात सखूबाई आल्या. चेहरा ओशाळलेला, हातात वायरचा चावलेला तुकडा.

“बाई, रागावू नगा. तुमी जेवाय गेल्ता तवा माजी शेळी हितं शिरली जनू. हे तिच्या तोंडात घावलं.”

मॅडमनी तुकडा हातात घेतला, खाली वाकून टेबलाखाली बघितलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. कॉम्प्युटरकडून स्पीकरकडे जाणारी वायर मधूनच तुटलेली होती. म्हणजे दुपारभर स्पीकर मुके होते. गिअरबॉक्सचा आवाज पाण्यापर्यंत पोचलाच नव्हता, तरी यंत्र बिनचूक उत्तरं देत होतं.

ते कसं, हे कळायला फार वेळ लागला नाही. मी पडद्याकडे बघत होते आणि शेजारी प्रेस पडला. जमीन हादरली, परातीत लाट उठली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दीड वर्ष चांगले गिअरबॉक्स सकाळी, प्रेस बंद असताना दाखवले होते आणि खराब दुपारी, प्रेस चालू असताना. पाण्यानं इमानदारीनं दोन्ही सांगितलं होतं, गिअरबॉक्सचा बारीक आवाज आणि प्रेसचा हादरा. वाचणारा थर त्यातलं सोपं ते शिकला. जमीन हलतेय, म्हणजे खराब. नाही हलत, म्हणजे चांगला. आमच्या यंत्राला गिअरबॉक्समधलं काडीचं कळत नव्हतं. त्याला फक्त वीज आली की गेली एवढं कळत होतं.

सखूबाई बिचाऱ्या अजून दारातच होत्या. “लई नुसकान झालं का वो?”

“नाही वं माय,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या शेळीनं वाचवलं.” मग त्या खाली बसल्या आणि सकाळपासून बांधून ठेवलेला डबा उघडला. दीड वर्ष पाण्यात गेलं होतं आणि रजा थोडीच उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धुमाळ साहेबांकडे गेल्या, मी बरोबर होते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “मॅडम, ते बरोबर सांगतंय का न्हाई?”

“सांगते. पण चुकीच्या कारणानं.”

“कारन कोन इचारतोय? कर्णिक साहेब उद्या दुपारी येनार, प्रेस चालू असनार. तुमी खराब माल लावा, ते खराब म्हनंल. आर्डर घेऊ, मंग दुरुस्त करा सावकाश. तुमी फकस्त जसं हाय तसं दाखवा.”

“जसं हाय तसं दाखवू?” मॅडमनी विचारलं.

“व्हय.”

“बरं.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मॅडम, गप्प बसलो तर निदान खोली तरी राहील.” त्या चालताचालता थांबल्या. “सीमा, गप्प बसून खोली रायली, तर त्या खोलीत मी उद्या काय करू?”

कर्णिक साहेब आले. उंच, करडे, कमी बोलणारे गृहस्थ. प्रेस धडाडत होता. मॅडमनी वायर जोडून घेतली होती. एक नापास गिअरबॉक्स लावला: खराब. दुसरा: खराब. धुमाळ साहेब अभिमानानं पाहुण्यांकडे बघायला लागले. मग मॅडमनी शांतपणे टेबलाखाली हात घातला, स्पीकरची वायर उपटून कर्णिक साहेबांच्या हातात दिली आणि त्याच स्टँडवर एक उत्तम, पास झालेला गिअरबॉक्स लावला. प्रेस पडला. पडद्यावर उत्तर आलं: खराब.

“सर, हे यंत्र गिअरबॉक्स ऐकत नाही,” मॅडम म्हणाल्या. पुस्तकी भाषेत, एकेक शब्द नीट. “शेजारचा प्रेस ऐकतं. आमची चूक झाली आहे. तुम्हाला दाखवण्यासारखं आज आमच्याकडे काही नाही.”

कर्णिक साहेबांनी हातातली वायर उलटसुलट करून बघितली. “हे तुम्हाला कधी कळलं?”

“परवा.”

“कोणी शोधलं?”

“शेळीनं.”

ते हसले नाहीत. चहा अर्धा प्यायले, नमस्कार केला आणि गाडीत बसून गेले. धुमाळ साहेब मात्र तिथंच तडकले. “नाक कापलं माजं तुमी! पावन्यासमोर! म्या काय सांगितलं होतं?”

“जसं हाय तसं दाखवाचं,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. सांगितलेलं काम केलं आणि कळवलं, एवढंच.

त्या क्षणी मला त्यांचा जो अभिमान वाटला, तसा मला माझ्या पहिल्या नंबराचाही कधी वाटला नव्हता. नोकरी जाणार हे दिसत होतं, तरी छाती भरून आली.

नोकरी गेली नाही, कारण धुमाळ साहेब रागावले की ओरडायचे आणि मग विसरायचे. पण खोली गोदामाला लागणार म्हणाले आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून नटबोल्टांची पोती येऊन पडायला लागली. मॅडमनी परात खिडकीकडे सरकवली. पोती वाढत गेली तसतशी परात सरकत गेली. शेवटी आम्ही दोघी एका पोत्यावर बसून काम करायचो आणि मॅडम म्हणायच्या, “बसायले किती छान झालं.”

या वेळी त्यांनी पहिल्यापासून मांडणी केली. चांगला लावायचा की खराब हे नाणं उडवून ठरवायचं. पण सकाळी खराब माल आणायचा कसा? भवानीचा नियम आडवा येत होता. मी म्हटलं, साहेबांना सांगा ही अंधश्रद्धा आहे. मॅडमनी मला गप्प केलं. “त्याईचा नियम दाराचा हाय ना? खराब माल सकाळी दारातून नाही यायले पाहिजे. मग आदल्या संध्याकाळीच आत आणून ठेवू.” धुमाळ साहेबांनी यावर खूप विचार केला आणि त्यांना नियमात कुठं बोट ठेवायला जागा सापडली नाही. मग परात स्कूटरच्या अर्धवट फुगवलेल्या ट्यूबवर ठेवली, म्हणजे हादरे कमी पोचतील. तरी प्रेस थोडा ऐकू येणारच. म्हणून तो चालू असताना चांगलेही दाखवायचे आणि खराबही, म्हणजे त्याच्यावरून काही ठरवता येणार नाही.

एक अडचण मात्र आम्हाला घाम फोडून गेली. आवाज पाण्यात कसा सोडायचा, कुठली पट्टी किती जोरात हलवायची, हेही नेटवर्कनंच शिकावं असं मॅडमना वाटत होतं. म्हणून पाण्याच्या अलीकडे आणखी एक छोटा थर घातला. पण त्याला शिकवायचं कसं? साध्या नेटवर्कमध्ये उत्तर चुकलं की चूक मागे मागे नेत कुणाचा दोष ते काढता येतं. इथं मध्ये पाणी. पाण्याच्या आत शिरून विचारणार कुणाला? मग मॅडमनी सरळ धोपटमार्ग काढला. त्या थरातला एक आकडा, म्हणजे एखाद्या पट्टीचा जोर, किंचित हलवायचा, गिअरबॉक्स फिरवायचा, चूक कमी झाली का बघायचं; झाली तर ठेवायचा, नाही तर उलटा फिरवायचा. मग पुढचा आकडा. रोज तेच. उन्हाळा लागला तरी तेच. “कंटाळली काय वं?” त्या विचारायच्या. मी हो म्हणायची. “मीबी,” म्हणायच्या आणि पुढचा आकडा हलवायच्या.

निकाल पहिल्यासारखा बिनचूक कधीच आला नाही. बहुतेक वेळा बरोबर यायचा, अधूनमधून चुकायचा. रजा संपायच्या आत मॅडमनी धुमाळ साहेबांना बोलावलं. ते पोती ओलांडत आले आणि आपल्या हातानं निवडलेले गिअरबॉक्स एकेक करून लावायला लागले. कुठला कसा आहे ते फक्त त्यांना ठाऊक. शेजारी प्रेस पूर्ण जोरात. यंत्रानं सांगितलं: चांगला. बरोबर. खराब. बरोबर. चांगला. चूक. मग पुन्हा बरोबर, बरोबर, बरोबर. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या सैल व्हायला लागल्या. मॅडमनी स्पीकरची वायर उपटली आणि म्हणाल्या, “आता लावा.”

साहेबांनी तेच गिअरबॉक्स पुन्हा लावले. आता यंत्र वाट्टेल ते बरळायला लागलं. चांगल्याला खराब, खराबाला चांगला, मध्येच एखादं चुकून बरोबर. प्रेस शेजारी बोंबलत होता आणि यंत्राला त्याचं काही देणंघेणं उरलं नव्हतं. मॅडमनी टाळी वाजवली. लहान मुलीसारखी, दोनदा. “नापास झालं! सीमा, नापास झालं वं! जा, पिरंगुटहून पेढे आण.”

धुमाळ साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, “आता गं बया. बरोबर आलं तवा गप, आन् चुकलं तवा पेढं?”

मी त्यांना समजावून सांगितलं. आवाज तोडल्यावर उत्तर बिघडलं, म्हणजे आधीचं उत्तर खरोखर आवाजावरून येत होतं. त्यांनी ऐकलं आणि गड्याला हाक मारून पोती उचलायला सांगितली. मॅडमनी अकोल्याच्या नोकरीचा राजीनामा दिला. आमचं यंत्र कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या जागी बसलं. कर्णिक साहेबांनी मालाची मागणी चालू ठेवली आणि वाढवलीही. यंत्र बघायला मात्र पुन्हा आले नाहीत.

२०१० साली मॅडम अकोल्याला परत गेल्या. तिकडच्या एका कॉलेजानं त्यांना परातींसाठी अख्खी खोली देऊ केली होती, फळा नसलेली. निरोपाला कारखान्याच्या अंगणात मांडव घातला होता. सर आले होते, सखूबाई आल्या होत्या, कामगारांची बायकापोरं होती. धुमाळ साहेब शाल हातात घेऊन उभे राहिले. ते भाषण करणारे नव्हेत.

“लोक म्हन्त्यात, या बाईनं धुमाळाचं नाक कापलं,” त्यांनी सुरुवात केली. “व्हय, कापलं. पावन्यासमोर कापलं. पर आज एक सांगतो, कुनाला ठाव न्हाई. त्या दिसापासनं कर्णिक साहेबांनी आपला एकबी गिअरबॉक्स तिकडं तपासला न्हाई. आला की सरळ पंपाला लावत्यात. म्या इचारलं, का वो साहेब? तर म्हनले, तुमच्याकडची बाई बरोबर आलेलं उत्तर आमच्यासमोर खोडून टाकते, तुमचा माल आम्ही काय तपासायचा?”

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. सर रुमाल काढून डोळे पुसत होते. मीही उघड रडत होते. साहेब शाल उलगडून पुढे झाले, तर मॅडम दोन पावलं मागे सरकल्या.

“तपासतच नाही?” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं?”

“न्हाई ना! येवडा इश्वास!”

“अन् आपलं यंत्र अधूनमधून चुकते, हे त्याईले कोणी सांगितलं का नाही? साहेब, फोन लावा.”

“आत्ता? मॅडम, शाल तरी—”

“आधी फोन लावा.”

धुमाळ साहेबांनी एका हातात शाल धरून दुसऱ्या हातानं फोन लावला. मॅडमनी फोन कानाला लावला आणि अगदी पुस्तकी भाषेत म्हणाल्या, “नमस्कार सर, वानखडे बोलते आहे. आमचा माल कृपया तपासून घेत जा.” पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, पण त्या बराच वेळ फोन धरून यंत्र कुठं कुठं चुकतं ते सांगत राहिल्या. गरम जिलेब्या निवल्या. माझ्या शेजारी गावातल्या कुणाची तरी नवी सून उभी होती, तिनं मला हळूच विचारलं, “ह्या कोन वो?”

“माझ्या मॅडम आहेत,” मी म्हटलं. तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हटलं.